तहातले शब्द, शब्दांतला मुलूख

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आटोपलेला असतो. पोह्यांच्या बश्या रिकाम्या झालेल्या असतात आणि मुलाचे वडील चपला पायात सरकवता सरकवता म्हणतात, ‘‘घरी बोलून कळवतो.’’ दार लावून आत वळणाऱ्या मुलीच्या आईला या तीन शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. आठवड्याने ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो. पत्रिका कोणी उघडूनही पाहिली नाही, हे दोन्ही घरांना पक्के ठाऊक असते. तरीही कोणाचा अपमान झालेला नसतो. उद्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत ही दोन कुटुंबे शेजारी शेजारी बसली, तरी कोणाला घास अडकत नाही. खोटे बोलले गेले म्हणावे, तर फसलेले कोणीच नाही.

राष्ट्राराष्ट्रांचा व्यवहार बराचसा याच भाषेत चालतो. मात्र तिथे ‘कळवतो’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी सैन्य उभे असते आणि निरोपाचा कागद शंभर-दोनशे वर्षे जपून ठेवला जातो.

दोन पंतप्रधान भेटतात, संध्याकाळी संयुक्त निवेदन निघते आणि दुसऱ्या दिवशी आपण चहाबरोबर ते वाचून ‘काहीच झालेले दिसत नाही’ म्हणत पान उलटतो. मुरलेला मुत्सद्दी तोच मजकूर वेगळ्या तऱ्हेने वाचतो. चर्चा ‘सौहार्दपूर्ण वातावरणात’ झाली, म्हणजे कामाचे फारसे बोलणे झाले नसावे. ‘मोकळी आणि स्पष्ट’ झाली, म्हणजे चांगलेच वाजले. ‘उपयुक्त’ झाली, म्हणजे हाती काही लागले नाही, पण पुन्हा भेटायला हरकत नाही. एखाद्या प्रस्तावाची ‘नोंद घेतली’, म्हणजे तो फायलीत गेला. परदेशी दूतावासातल्या अधिकाऱ्याला ‘दर्जाशी विसंगत कृत्यांबद्दल’ परत धाडले, तर तो हेरगिरी करीत होता असे सुचवायचे असते. आणि तेवढेही सुचवायचे नसेल, तर १९६१ च्या व्हिएन्ना कराराने सोय करून ठेवली आहे. कोणतेही कारण न देता त्याला ‘नकोसा’ ठरवता येते.

हॅरॉल्ड निकल्सन या ब्रिटिश मुत्सद्द्याने १९३९ साली ‘डिप्लोमसी’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात त्याने या सौम्य शब्दांची फोड करून दाखवली आहे. एखाद्या प्रश्नाबाबत आमचे सरकार उदासीन राहू शकत नाही, असे कोणी म्हटले, तर ते हस्तक्षेप करायला निघाले आहे असे समजावे! आपल्याकडे सोसायटीच्या सभेत ‘हे आम्ही मुळीच खपवून घेणार नाही’ असे दर महिन्याला कोणी तरी गरजते आणि पाण्याची टाकी गळतच राहते. मुत्सद्द्यांच्या जगात आवाज जितका खाली, तितके प्रकरण गंभीर.

या भाषेची चेष्टा करणे सोपे आहे. पण तिने माणसे घरी सुखरूप आणल्याचीही उदाहरणे आहेत. १ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेचे एक टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची दक्षिण चीन समुद्रावर टक्कर झाली. चिनी वैमानिक बेपत्ता झाला. अमेरिकी विमान कसेबसे चीनच्या हैनान बेटावर उतरले आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात अडकले. चीनला माफी हवी होती. चूक आपली नाही, असे अमेरिकेचे म्हणणे होते. अकरा दिवस खल एकाच गोष्टीचा झाला, शब्द कोणता वापरायचा?

मराठी माणसाला हा घोळ लगेच समजेल. ‘वाईट वाटते’, ‘दिलगीर आहोत’ आणि ‘माफी मागतो’ या आपल्याकडच्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. शेजारच्या घरी कोणी गेले तर आपल्याला वाईट वाटते, त्यात आपला गुन्हा नसतो. वर्तमानपत्रात कालच्या अंकातल्या चुकीबद्दल ‘दिलगीर आहोत’ छापतात, तिथे थोडीशी कबुली असते. माफी मागितली की मान खाली गेली. अमेरिकी राजदूताच्या पत्रात शेवटी ‘अतिशय वाईट वाटते’ या अर्थाचे शब्द दोनदा आले. एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा तोंडी परवानगीवाचून विमान उतरवल्याबद्दल. चिनी सरकारने आपल्या जनतेला त्याचे भाषांतर करून सांगितले, ते माफीच्या एक पायरी अधिक जवळ जाणारे होते. वॉशिंग्टनने म्हटले, आम्ही माफी मागितलेली नाही. बीजिंगने म्हटले, मिळायचे ते मिळाले. २४ माणसे घरी गेली. घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका भांडणे मिटवताना हेच करतात, ‘‘तो म्हणाला, चुकलंच म्हणून,’’ असे ह्याला सांगायचे आणि त्याला सांगायचे की ह्याने विषय सोडला.

पण सगळेच शब्द इतक्या सुखाने सुटत नाहीत. काही शब्द कागदात निजून राहतात आणि चार-सहा पिढ्यांनी जागे होतात. असा एक शब्द आपल्याच मराठी दप्तरातला आहे, ‘सरंजाम’.

१७७९ साली पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. सवाई माधवराव लहान होते, कारभार नाना फडणविसांच्या हाती होता आणि इंग्रजांशी युद्ध चालू होते. अशा वेळी पोर्तुगीज निदान शत्रूच्या बाजूला जाऊ नयेत, हा हिशेब. तहाच्या सतराव्या कलमान्वये मैत्रीखातर दमण प्रांतातून सालिना बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना लावून देण्याचे ठरले. पुढे १७८३ आणि १७८५ मध्ये त्याप्रमाणे सनदा निघाल्या. दादरा आणि नगरहवेली ती हीच गावे.

पुढे पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेले. २ ऑगस्ट १९५४ रोजी नगरहवेली मुक्त झाली. त्या लढ्यात महाराष्ट्रातले स्वयंसेवक होते, गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांपैकी एक. पोर्तुगालला दमणहून या गावांत जायचे, तर मधला काही मैलांचा पट्टा भारताचा, आणि भारताने वाट बंद केली. राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळून आठवडा होतो न होतो, तोच २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा ठोकला. पेशव्यांनी ही गावे आम्हाला दिली, ती आमच्या सार्वभौम सत्तेखाली आली, तेव्हा तिथे जाण्यायेण्याचा हक्कही आमचाच, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मग १७६ वर्षांपूर्वीचा पुण्याचा कागद हॉलंडमधल्या न्यायालयाच्या टेबलावर आला. पंधरा देशांचे न्यायाधीश, भारताच्या वतीने मोतीलाल सेटलवाड उभे, भारताने नेमलेले हंगामी न्यायाधीश म्हणून न्यायासनावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले छागला, आणि वाद कशाचा, तर पेशव्यांच्या कारकुनाने काय लिहिले आणि पोर्तुगीज दुभाष्याने ते कसे उतरवले याचा. तहाचे वेगवेगळे पाठ समोर ठेवले गेले. भारताचे म्हणणे असे की मराठ्यांनी दिला तो वसूल, मुलूख नव्हे.

सरंजाम म्हणजे काय हे आपल्याकडे इनाम-वतनाच्या भानगडी पाहिलेल्या कोणत्याही जुन्या घराला सांगता येईल. अमुक गावांचा वसूल तू घे, त्यातून आपला आणि पागेचा खर्च चालव. धनीपण सरकारचे. सरंजामदार कितीही मोठा झाला, तरी तो राजा होत नाही. हेगच्या न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात नेमके हेच धरले. तहाच्या भाषेवरून सार्वभौमत्व देण्याचा हेतू दिसत नाही, सनदांत तर जहागीर किंवा सरंजाम म्हणून वसुलाचा हक्क दिलेला आहे आणि अशा दानाचा अर्थ मुलूख तोडून देणे असा केल्याचे एकही उदाहरण आमच्यापुढे आलेले नाही, असे न्यायालयाने नोंदवले. सनद लिहिणाऱ्या अनामिक कारकुनाला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

अर्थात गोष्ट तिथेच संपली असती, तर फारच गोड झाली असती. न्यायालयाने पुढे असेही म्हटले की पेशव्यांनंतर इंग्रजांनी या गावांवर पोर्तुगिजांची सत्ता आहे असे धरूनच व्यवहार केला, भारतानेही तो तसाच चालू दिला आणि त्यातून पोर्तुगालची सत्ता मान्य झाली. म्हणजे शब्दाने जे दिले नव्हते, ते शब्दाचा अर्थ विचारायला कोणी न बसल्यामुळे मिळून गेले! मात्र साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांनाच वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला नव्हती. आणि १९५४ सालच्या तंग परिस्थितीत भारताने वाट रोखली, त्यात भारताचा दोष नाही, असा निर्णय झाला. पुढच्याच वर्षी दादरा-नगरहवेली रीतसर भारतात आली.

सतराव्या कलमाचा योगायोग आणखी एका ठिकाणी आहे. १८८९ साली इथिओपियाचा राजा मेनेलिक आणि इटली यांच्यात वुचाले येथे तह झाला, त्याचेही सतरावे कलमच घातक ठरले. परराष्ट्रांशी पत्रव्यवहार करताना राजाला वाटल्यास इटलीची मदत घेता येईल, असे अम्हारिक प्रतीत होते. इटालियन प्रतीत राजा तो इटलीमार्फत करण्यास संमती देतो, असे होते. मेनेलिकने राणी व्हिक्टोरियाला थेट पत्र लिहिले, तेव्हा यापुढे रोममार्फत लिहावे, असे उत्तर आले आणि आपण मांडलिक झाल्याची बातमी राजाला अशी कळली! त्याने तह झुगारला. १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत इथिओपियाने इटलीचा दारुण पराभव केला आणि मग नवा तह झाला. ‘घेता येईल’ आणि ‘घ्यावी लागेल’ यांतले अंतर कापायला हजारो माणसे मेली.

वुचालेत फसवणूक होती की गाफीलपणा, यावर वाद होऊ शकतो. राष्ट्रसंघाच्या २४२ क्रमांकाच्या ठरावात मात्र शब्द जाणूनबुजून गाळला गेला आणि तोही इंग्रजीतला सर्वांत लहान शब्दांपैकी एक. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ या उपपदांनी इंग्रजीच्या तासाला छळले नाही असा मराठी विद्यार्थी सापडणे कठीण. आपल्या भाषेत ती नाहीतच, त्यामुळे त्यांचे एवढे काय, असे आपल्याला वाटत राहते. १९६७ च्या जूनमधल्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या घेतल्या. पाच महिने घोळ घालून सुरक्षा समितीने २२ नोव्हेंबरला ब्रिटनचा मसुदा एकमताने मंजूर केला. त्यात इस्रायली सैन्याने ‘अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून’ माघार घ्यावी, असे आहे. इंग्रजीत या ‘प्रदेशां’आधी ‘द’ नाही, ‘सर्व’ही नाही. फ्रेंच प्रतीत मात्र त्या भाषेच्या रीतीनुसार ‘द’ आपोआप आलेला आहे. म्हणून इस्रायल इंग्रजी प्रत पुढे करतो आणि म्हणतो, ‘प्रदेशांतून’ म्हणजे काही प्रदेशांतून. अरब देश फ्रेंच प्रत दाखवतात आणि म्हणतात, ‘त्या’ सगळ्यांतून.

आता आपण केलेले मराठी वाक्य पुन्हा वाचून पाहा. ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’. सगळ्या की काही? घरात चार जणांना विचारले, तर बहुतेक जण ‘सगळ्या’ म्हणतील. वकिली करणारा एखादा मामा असेल तर तो मान हलवील.

ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरडॉन यांना हे कळत नव्हते असे नाही. ‘सर्व’ घातले असते तर एक बाजू उठून गेली असती, ‘काही’ घातले असते तर दुसरी. त्या वेळी भारत सुरक्षा समितीवर होता. आपले प्रतिनिधी गोपालस्वामी पार्थसारथी यांनी मतदानापूर्वीच सांगून टाकले की आम्ही या ठरावाचा अर्थ सर्व प्रदेशांतून माघार असाच समजतो. इस्रायलचे अब्बा एबन यांनी उत्तर दिले ते असे की आमच्या मते ठरावात जे लिहिले आहे तेवढेच त्यात आहे. दोघांनी आपापला अर्थ नोंदवला आणि ठराव एकमताने संमत झाला. इजिप्तबरोबरच्या १९७९ च्या तहानंतर सिनाई १९८२ मध्ये परत गेले. बाकीच्या भूमीचा वाद सुटलेला नाही. तो एका उपपदामुळे आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण वाटाघाटीला बसणाऱ्या प्रत्येक पिढीला ते उपपद आधी ओलांडावे लागले आहे.

आजही परिषदा अशाच चालतात. २०१५ साली पॅरिसच्या हवामान करारात श्रीमंत देश उत्सर्जन कमी ‘करतील’ असा बंधनकारक शब्द शेवटच्या मसुद्यात राहून गेला होता. अमेरिका अडून बसली, तेव्हा मुद्रणदोषांच्या यादीत घालून त्याचे ‘करावे’ करण्यात आले. २०२१ मध्ये ग्लासगोत कोळसा टप्प्याटप्प्याने ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याची दुरुस्ती आपले मंत्री भूपेंद्र यादव यांनी सभागृहात वाचून दाखवली आणि अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा दाटून आला. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या जी-२० परिषदेत सर्वांच्या सह्या मिळाल्या, त्या ‘युक्रेनमधील युद्ध’ या शब्दांवर. आदल्या वर्षी बालीत रशियाच्या आक्रमणाचा उल्लेख होता, तो इथे नव्हता. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने तो मजकूर तांबड्या शाईने दुरुस्त करून प्रसिद्ध केला आणि त्यात ‘युक्रेनविरुद्धचे युद्ध’ असे घातले. आपल्याकडे मात्र दिल्लीतल्या यशाचे कौतुक झाले, आणि अवघड काम होते यात शंका नाही. प्रत्यय कोणाच्या अंगणात पडतो यावर बरेच अवलंबून असते.

शेवटची हकीकत आपल्या अंगणातली. २७ जुलै १९४९ रोजी कराचीत भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी अधिकाऱ्यांनी काश्मीरमधली शस्त्रसंधी रेषा ठरवली. कागदावर गावे, नाले, शिखरे यांच्या नावानिशी ती रेषा पुढे पुढे सरकत जाते, श्योक नदीवरच्या चालुंका गावापर्यंत येते, मग खोर, आणि मग ‘तेथून उत्तरेस हिमनद्यांपर्यंत’. बस्स. मराठीत तीन शब्द होतात. कोणत्या हिमनद्या, त्यांच्या अलीकडे की पलीकडे, काही नाही. यात लबाडी कोणाचीच नव्हती. तिथे गवताची काडी उगवत नाही, माणूस राहू शकत नाही, तेव्हा भांडायला तरी कोण जाणार, असेच त्या अधिकाऱ्यांना वाटले असणार. माझ्या मते या साऱ्या हकिकतींत ही सर्वांत निरागस संदिग्धता आहे.

१९७२ मध्ये सिमल्यात शस्त्रसंधी रेषेच्या जागी नियंत्रण रेषा आली. ‘कोणाच्याही मान्य भूमिकेला बाध न आणता’ ती पाळायची असे ठरले, म्हणजे दोघांनीही आपापली गोष्ट सांगत राहायला मोकळीक. त्यानंतर नव्याने आखणी झाली, पण आखणारे पुन्हा त्याच बिंदूशी थांबले. नकाशावर त्याला ‘एनजे ९८४२’ म्हणतात. पुढे पाकिस्तानने रेषा तिथून ईशान्येला काराकोरम खिंडीकडे वळते असे मानले. ‘उत्तरेस’ म्हणजे उत्तरेस, साल्तोरोच्या डोंगरधारेने, असे भारत म्हणाला. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘मेघदूत’ मोहिमेत भारतीय सैन्य त्या धारेवर जाऊन बसले, आणि तेव्हापासून सियाचिनमध्ये माणसे राहतात.

१९८९ च्या जूनमध्ये मिटण्याची वेळ आली होती. सैन्याची फेररचना करायची आणि ‘भावी जागा’ सिमला कराराला धरून ठरवायच्या, असे संयुक्त निवेदन निघाले. त्याचाही अर्थ दोन्ही राजधान्यांत वेगवेगळा लागला. आज सैन्य जिथे उभे आहे ती जागा आधी कागदावर नोंदवा, असे भारत म्हणत आला. तशी नोंद केली की ती मान्य केल्यासारखे होईल म्हणून पाकिस्तान तयार झाला नाही. एकदा कराचीत शब्द सैल सोडल्यावर आता कोणी तो सैल सोडायला राजी नाही.

२००३ च्या नोव्हेंबरात शस्त्रसंधी झाली आणि तोफा थांबल्या. तिथे माणूस गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि बर्फाने अधिक मरतो. ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथे पाकिस्तानी लष्करी तळावर हिमकडा कोसळला, त्यात १४० जण गाडले गेले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरच्या आपल्या सोनम ठाण्यावर तसाच कडा आला. ठाण्यात दहा जवान होते. सहा दिवसांनी त्यांतला एक बर्फाखालून जिवंत सापडला, साऱ्या देशाने त्याच्यासाठी प्रार्थना केल्या, पण ११ तारखेला दिल्लीत तोही गेला. तुकडी मद्रास रेजिमेंटची होती, बहुतेक जवान दक्षिणेकडचे. आजारी-जखमींच्या शुश्रूषेसाठी त्यांच्याबरोबर असलेला जवान मात्र आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. कराचीच्या कागदावर त्या सगळ्या भागाचे नाव ‘हिमनद्या’ एवढेच आहे.